व्यायामाचं एकच सत्र आणि त्यानंतरचे दोन तास : डोक्यात नेमकं काय बदलतं?

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

नियमित व्यायामाने मेंदू तरतरीत राहतो, यावर आता फारसं कुणी वाद घालत नाही. २०११ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १२० ज्येष्ठ मंडळी होती. त्यातल्या एका गटाने वर्षभर नेमाने चालण्याचा व्यायाम केला, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे स्मरणाशी निगडित भागाचं, आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पण ती झाली वर्षभराच्या तपश्चर्येची गोष्ट. मला इथे दुसऱ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. आज, एकदाच, वीसेक मिनिटं व्यायाम केला तर पुढच्या तास-दोन तासांत विचार करण्याच्या क्षमतेत काही फरक पडतो का?

पडतो. पण किती, कशात आणि कधी, हे न सांगता नुसतं ‘व्यायाम करा, डोकं चालेल’ म्हणणं मला पटत नाही, म्हणून हा धागा.

मी अवधानाच्या चाचण्या घेण्याचं काम करते, त्यामुळे हा विषय रोज डोळ्यांसमोर असतो. आमच्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते ती फ्लँकर चाचणी. पडद्यावर ओळीने पाच बाण उमटतात. फक्त मधल्या बाणाची दिशा ओळखून डावं किंवा उजवं बटण दाबायचं. पाचही बाण एकाच बाजूला असतील तर काम सोपं. आजूबाजूचे चार डावीकडे आणि मधला एकटा उजवीकडे असेल, तर बोट आधी डाव्या बटणाकडे ओढ घेतं आणि त्याला आवरावं लागतं. हे आवरणंच आम्ही मोजतो. माणूस सायकलवरून उतरतो, कपाळ पुसतो, ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या, टोपीखालची जेल घामाने पातळ झालेली असते ती पुन्हा भरावी लागते, नाडी खाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग पुन्हा तेच बाण. जो फरक दिसतो तो सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो. इतक्या बारीक गोष्टीवरून बाहेरच्या बातम्यांमध्ये ‘बुद्धी वाढते’ असे मथळे होतात तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं.

आता आकडे. २०१२ साली चँग, लॅबन, गॅपिन आणि एट्निअर या संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. एकूण परिणाम व्यायामाच्या बाजूने निघाला, पण लहान : प्रमाणित मापात ०.१ च्या आसपास. याचा व्यवहारातला अर्थ असा लावता येतो. व्यायाम केलेला एक आणि न केलेला एक, अशा १०० जोड्या लावल्या तर साधारण ५३ जोड्यांमध्ये व्यायाम केलेला पुढे असेल. काहीच फरक नसता तर ५० असत्या.

एवढंच असतं तर मी धागा काढला नसता. या सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे. त्याच विश्लेषणात ११ मिनिटांपेक्षा कमी व्यायामाचा फायदा दिसला नाही, २० मिनिटं आणि त्यापुढे तो दिसला. व्यायाम संपल्यावर लगेच चाचणी घेतली तर हलका ते मध्यम व्यायाम बरा ठरला, आणि थोडं थांबून घेतली तर जास्त जोराच्या व्यायामाचा फायदा टिकलेला दिसला. थांबण्याचा सर्वांत अनुकूल काळ निघाला तो ११ ते २० मिनिटांचा. म्हणजे किती वेळ केला, किती जोरात केला, आणि त्यानंतर डोकं कधी कामाला लावलं, या तिन्हींची सांगड बसली तर फरक पडतो, नाहीतर सरासरीत विरून जातो.

तुमचे अनुभव, शंका, वाचन, सगळं येऊ द्या. एक विनंती : वर्षानुवर्षांच्या व्यायामाचे फायदे हा वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नये.

पायवाट

छान विषय, अनुस्वार. मला कित्येक दिवस पडलेलं कोडं इथे मांडते. मी लांब पल्ल्याचं धावते. धावताना उरलेलं अंतर आणि हातात असलेला वेळ यांचा साधा भागाकार जमत नाही. आकडे डोक्यात येतात, पण एक धरला की दुसरा निसटतो. मात्र धाव संपवून, अंग कोरडं करून टेबलाशी बसले की आदल्या दिवशी अडलेलं काम झरझर पुढे सरकतं. एकाच व्यायामाचे हे दोन उलटे परिणाम कसे?

अनुस्वार

पायवाट, तुमच्या कोड्यावरच या क्षेत्रात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. व्यायाम *करताना* आणि व्यायाम *केल्यानंतर*, या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत.

लॅम्बोर्न आणि टॉम्पोरोव्स्की यांनी २०१० मध्ये ४० अभ्यासांचा असाच एकत्रित हिशोब केला होता. त्यांना व्यायाम चालू असताना, विशेषतः पहिल्या २० मिनिटांत, कामगिरी किंचित घसरलेली दिसली आणि व्यायामानंतर सुधारलेली. शिवाय घसरण ट्रेडमिलवर धावणाऱ्यांची झाली, सायकल चालवणाऱ्यांची कामगिरी उलट सुधारली. हे पटण्यासारखं आहे. बैठ्या सायकलवर तोल सांभाळावा लागत नाही. धावताना प्रत्येक पावलाला पाय कुठे पडतोय, अंग किती झुकलंय, याचा हिशोब मेंदू सतत करत असतो.

डीट्रिच यांनी यावर मांडलेली कल्पना अशी : मेंदूकडे साधनं मर्यादित आहेत. मोठे स्नायू, श्वास, तोल हे सगळं एकदम चालवायचं असेल तर त्या क्षणी अत्यावश्यक नसलेल्या भागांचा वाटा कमी होतो, आणि कपाळामागचा भाग त्यात पहिला येतो. तुमचा भागाकार तिथेच होतो. ही कल्पना सगळ्यांना मान्य आहे असं नाही. चँग यांच्या विश्लेषणात व्यायाम चालू असतानाही सरासरी परिणाम किंचित चांगलाच होता. पण जोर वाढला की ज्या कामात एकाच वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात धरायच्या असतात ते आधी ढासळतं, आणि ‘दिवा लागला की बटण दाबा’ असलं सरळ काम टिकतं, किंबहुना वेगाने होतं, हे बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे.

नाडीपरीक्षा

शरीराच्या बाजूने थोडी भर घालतो.

मध्यम व्यायामात मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो. पण तो जोराबरोबर वाढतच जातो असं नाही. कमाल क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत वाढतो, पुढे जोरजोरात श्वास सुरू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पुरवठा तिथेच थांबतो किंवा उतरतो. पायवाट यांचा भागाकार न जमण्यामागे हेही एक कारण असू शकेल.

दुसरी गोष्ट संप्रेरकांची. व्यायामात रक्तात अ‍ॅड्रेनालिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढतं. ही रसायनं रक्तातून थेट मेंदूत शिरत नाहीत, मध्ये रक्त-मेंदू अडसर आहे. पण व्हेगस या चेतातंतूमार्फत संदेश मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचतो, तिथल्या लोकस सेरुलियस नावाच्या इवल्याशा केंद्रातून मेंदूभर नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि जागरूकता वाढते. डोपामिनचाही यात वाटा आहे. ही रसायनं मध्यम प्रमाणात असतात तेव्हा कपाळामागच्या भागाचं काम नेटकं चालतं. खूप वाढली की तेच काम विस्कटतं. उत्तेजन आणि कामगिरी यांचा हा उलट्या ‘यू’च्या आकाराचा संबंध यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपर्यंत मागे नेला जातो.

तिसरं, लॅक्टेट. अजूनही त्याला ‘स्नायू दुखवणारा टाकाऊ पदार्थ’ म्हणतात. प्रत्यक्षात लॅक्टेट रक्तातून मेंदूत जातं आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट वाढलं की मेंदूचा ते वापरण्याचा वाटाही वाढतो.

बीडीएनएफबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं हे प्रथिन व्यायामानंतर रक्तात वाढतं, हे खरं. पण रक्तातल्या बीडीएनएफचा मोठा साठा प्लेटलेट्समध्ये असतो, त्यामुळे रक्तात वाढलं म्हणजे त्याच क्षणी मेंदूतही तेवढंच वाढलं असं गृहीत धरता येत नाही. शिवाय अर्ध्या तासात दिसणाऱ्या फरकाचं श्रेय नव्या पेशी किंवा नव्या जोडण्या वाढण्याला देणं वेळेच्या हिशोबात बसत नाही. तात्काळ परिणाम हा मुख्यतः जागरूकतेचा आणि रसायनांचा आहे.

शंकेखोर

एक स्पष्ट विचारतो, राग नसावा. यातलं कितपत खरं आणि कितपत मनाचं?

मला तीन गोष्टी खटकतात. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की माणूस सरावाने सुधारणारच. औषधाच्या प्रयोगात साखरेची गोळी देता येते, इथे व्यायाम केलाय हे करणाऱ्याला माहीत असतंच, आणि ‘व्यायामाने डोकं चालतं’ हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी : तुलना कशाशी? दुसऱ्या गटाला अर्धा तास खुर्चीत नुसतं बसवलं तर तो पेंगुळणार. मग व्यायामाने पहिला गट सुधारला की कंटाळ्याने दुसरा बिघडला, हे कसं कळणार? ज्यात फरक दिसला नाही असे अभ्यास छापूनच येत नाहीत, हे वेगळंच.

अनुस्वार

शंकेखोर, राग कसला, हे प्रश्न प्रत्येक प्रयोग आखताना विचारावे लागतात.

सरावाचा प्रश्न सुटतो. त्याच व्यक्तीला दोन वेगळ्या दिवशी बोलावतात, एक दिवस व्यायामाचा, एक दिवस विश्रांतीचा. निम्म्यांना आधी व्यायाम, निम्म्यांना आधी विश्रांती. मग सरावाचा फायदा दोन्हीकडे सारखा वाटला जातो.

तुलनेच्या गटाबद्दल तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. चांगल्या प्रयोगांत दुसऱ्या दिवशी वाचन करायला देतात किंवा ठरावीक चित्रफीत दाखवतात, पण जोरदार सायकल आणि शांत चित्रफीत यांतली तफावत त्याने भरून निघत नाही. यावर मला समाधानकारक तोडगा कुणी काढलेला दिसत नाही.

अपेक्षेचं म्हणाल, तर तो प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण काही पुरावे असे आहेत की नुसत्या अपेक्षेने ते समजावून सांगणं अवघड जातं. ईईजीत पी३ नावाची एक लाट दिसते. बाण उमटल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर ती येते, आणि त्या कामाकडे किती लक्ष दिलं जातंय त्यानुसार तिची उंची बदलते. हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तरुण विद्यार्थ्यांना ३० मिनिटं ट्रेडमिलवर व्यायाम करायला लावून पाहिलं, तर नंतर ही लाट मोठी झालेली दिसली. शिवाय परिणाम सगळ्याच चाचण्यांत सारखा दिसत नाही. बासो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५० मिनिटांच्या जोरदार सायकलिंगनंतर मोजलं, तेव्हा कपाळामागच्या भागावर अवलंबून असलेल्या चाचण्यांत सुधारणा दिसली आणि ती २ तासांपर्यंत टिकली, पण हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या चाचण्यांत दिसली नाही. केवळ अपेक्षेचा खेळ असता तर तिने एवढी निवड का केली असती?

छापून न येणाऱ्या अभ्यासांबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच ०.१ हा आकडाही मी वरची मर्यादा धरल्यासारखाच वाचते.

शंकेखोर

शेवटचा मुद्दा पटला. कंटाळ्याचा मुद्दा माझ्यापुरता उभाच आहे, पण उत्तर सरळ दिलंत त्याबद्दल आभार.

परीक्षार्थी

मला एवढं समजत नाही, पण एक थेट प्रश्न. व्यायाम अभ्यासाच्या आधी करावा की नंतर?

अनुस्वार

परीक्षार्थी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘कशासाठी’ यावर अवलंबून आहे.

नवं काही डोक्यात *घालायचं* असेल तर आधी. २००७ मध्ये विंटर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत २७ तरुणांवर प्रयोग केला. तीन-तीन मिनिटांच्या दोन जोरदार धावा, किंवा संथ धावणं, किंवा नुसतं बसणं, आणि त्यानंतर नवे शब्द शिकायचे. जोरदार धावेनंतर शब्द सुमारे २० टक्के वेगाने शिकले गेले.

शिकलेलं *टिकवायचं* असेल तर मात्र चित्र पालटतं. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान डोंगेन आणि सहकाऱ्यांनी ७२ जणांना ९० चित्रं आणि त्यांच्या पडद्यावरच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या. एका गटाने लगेच ३५ मिनिटं सायकल चालवली, दुसऱ्याने ४ तासांनी, तिसऱ्याने अजिबात नाही. दोन दिवसांनी तपासलं तेव्हा ४ तासांनी व्यायाम केलेल्यांना सर्वांत जास्त आठवत होतं. लगेच व्यायाम केलेले आणि न केलेले यांच्यात फरक नव्हता. संशोधकांचा कयास असा की ताजी आठवण पक्की व्हायला काही प्रथिनं लागतात आणि व्यायामाने सुटणारी डोपामिन-नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं त्या कामी येतात. पण मग चारच तास का? दोन का नाहीत, सहा का नाहीत? ते त्या प्रयोगात तपासलेलंच नव्हतं. त्यामुळे घड्याळ लावून बरोबर ४ तासांनी उठायची गरज नाही. सकाळी अवघड प्रकरण वाचलं आणि दुपार कलल्यावर घाम गाळला, एवढं केलंत तरी त्या प्रयोगाचा आशय पाळल्यासारखं होईल.

स्वरलेखा

हाताच्या कौशल्याचं काय? मी वाद्य वाजवते. माझ्या रियाझात आठवण डोक्यापेक्षा बोटांत जास्त असते. एखादी अवघड जागा आज बसते आणि उद्या पुन्हा निसटते.

अनुस्वार

स्वरलेखाताई, तुमच्यासाठी मला सर्वांत आवडलेला अभ्यास आहे, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

२०१२ मध्ये रोइग आणि सहकाऱ्यांनी ४८ तरुणांना एक काम दिलं : हाताने दांडी हलवत पडद्यावरच्या वळणदार रेषेचा माग धरायचा. एका गटाने सरावाआधी जोरदार सायकल चालवली, दुसऱ्याने सरावानंतर लगेच, तिसऱ्याने विश्रांती घेतली. सराव चालू असताना तिन्ही गट सारखेच. तासाभराने तपासलं तरी व्यायामवाले वरचढ नव्हते. तुम्ही त्या वेळी तिथे असतात तर म्हणाला असतात, व्यायाम वाया गेला. पण २४ तासांनी आणि ७ दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा व्यायाम केलेल्या दोन्ही गटांनी कौशल्य जास्त टिकवलं होतं, आणि आठवड्यानंतर सरावाच्या *नंतर* व्यायाम केलेला गट आधी करणाऱ्यांच्याही पुढे होता.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते असं की परिणाम दिसायला रात्र जावी लागली. ‘व्यायाम करून वाजवायला बसले, काही फरक वाटला नाही’ असा निष्कर्ष आपण त्याच दिवशी काढतो, आणि तो चुकीच्या वेळी काढलेला असतो. फक्त एक ध्यानात ठेवा. प्रयोगात सायकल होती, पाय दमले, हात ताजे राहिले. रियाझाआधी दंड-मनगटं थकवणारा व्यायाम केलात तर बोटं थरथरतील, आणि त्याचा स्मरणाशी काही संबंध नसेल.

स्वरलेखा

हे करून बघण्यासारखं आहे. अवघड जागा घोळवून झाली की लगेच सायकल. मनापासून आभार.

फळा_खडू

मी शिक्षक आहे. शाळांमधली एक सवय मला नेहमी खुपते : परीक्षा जवळ आली की खेळाचा तास काढून घ्यायचा आणि तिथे अवघड विषयाचा जादा तास लावायचा. मुलांच्या बाबतीत काही ठोस आहे का, जे वरिष्ठांपुढे ठेवता येईल?

अनुस्वार

आहे, सर. हिलमन यांचाच २००९ चा अभ्यास. साडेनऊ वर्षांच्या आसपासची २० मुलं. एक दिवस २० मिनिटं बसून राहणं, एक दिवस २० मिनिटं ट्रेडमिलवर चालणं, तेही कमाल नाडीच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे झपझप चालण्याइतकंच. नाडी जवळपास मूळ पदावर आल्यावर चाचणी. चालण्यानंतर मुलांच्या फ्लँकरमधल्या चुका कमी झाल्या, पी३ मोठी झाली, आणि वाचलेलं समजण्याच्या चाचणीत गुण वाढले. शब्दलेखनात आणि अंकगणितात मात्र वाढ दिसली नाही. वरिष्ठांपुढे मांडताना हे वाक्यही मांडा. पहिल्याच भेटीत अर्धं सांगितलं आणि कुणी मूळ अभ्यास काढून वाचला, तर उरलेल्यावरचा विश्वासही जाईल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर खेळाचा तास वाचवायला हा पुरावा लागताच कामा नये. मुलांनी खेळणं हे त्यांच्या हक्काचं आहे. पण तास दिवसाच्या अगदी शेवटी न ठेवता मध्ये ठेवला आणि त्यानंतर पाणी पिऊन, श्वास शांत करून, लक्ष लावून करायचं काम घेतलं, तर हाती काही लागण्याची शक्यता आहे. सगळ्यांत दमवणारी शर्यत लावून घामाघूम मुलांना थेट प्रश्नपत्रिका देऊ नये.

घरटं

माझ्या मुलाला अतिचंचलतेचं, एडीएचडीचं निदान आहे. खेळून आला की तासभर तरी तो स्थिर बसतो, असं मला वाटतं. खरंच असतं का हे, की मी माझ्या मनाची समजूत घालते?

नाडीपरीक्षा

ताई, तुमचं निरीक्षण निराधार नाही. पाँटिफेक्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८ ते १० वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. २० मुलं एडीएचडी असलेली, २० नसलेली. २० मिनिटं मध्यम व्यायाम विरुद्ध २० मिनिटं बसून वाचन. व्यायामानंतर दोन्ही गटांची अचूकता वाढली. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये एक विशेष गोष्ट दिसली : चूक झाल्यावर पुढच्या वेळी जरा सावकाश, सांभाळून उत्तर देणं. ही मुलं इथेच अडतात, चूक झाली तरी त्याच वेगाने पुढे जातात. त्या अर्थाने तुमच्या मुलाचं ‘स्थिर बसणं’ मला महत्त्वाचं वाटतं.

मात्र औषध किंवा उपचार चालू असतील तर व्यायाम त्यांच्या जोडीला ठेवा, त्यांच्या जागी नको. डोस कमी करायचा विचार मनात आला तर तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. गृहपाठाची वेळ खेळानंतर लगेचची ठेवून पाहा, त्याने नुकसान काही नाही.

घरटं

धन्यवाद डॉक्टर. वेळ बदलून बघते.

सत्तरीपार

सगळे तरुणांचे आणि मुलांचे अभ्यास. आमच्या वयाचं काही?

अनुस्वार

आहेत काका, आणि चांगले आहेत.

ऑस्ट्रेलियात व्हीलर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५ ते ८० वयाचे, बैठं आयुष्य असलेले ६७ जण होते. एक दिवस ८ तास बसून. एक दिवस सकाळी ३० मिनिटं मध्यम वेगाने चालून मग बसून. एक दिवस सकाळचं चालणं, शिवाय दर अर्ध्या तासाने उठून ३ मिनिटं हळू फेरी. सकाळी चाललेल्या दिवशी निर्णय घेण्याशी संबंधित चाचण्या दिवसभरात बऱ्या गेल्या. कार्यस्मृती, म्हणजे क्षणभर चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, मात्र चालणं अधिक मधून मधून उठणं या जोडीत सुधारली. म्हणजे सकाळी चालून आल्यावर दिवसभर खुर्चीला खिळून राहिलं तर अर्धा फायदा सोडल्यासारखं होतं.

दुसरा अभ्यास २०२४ चा, लंडनचा. ५० ते ८३ वयाच्या ७६ जणांनी ८ दिवस मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं आणि रोज चाचण्या दिल्या. ज्या दिवशी मध्यम ते जोराची हालचाल जास्त, त्याच्या *दुसऱ्या* दिवशी स्मरणाचे गुण थोडे वर. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. बरं वाटत होतं म्हणून जास्त हालचाल झाली, असंही असू शकतं. पण आदल्या रात्रीच्या झोपेचा हिशोब करूनही संबंध टिकला, म्हणून मी तो गांभीर्याने घेते.

नाडीपरीक्षा

काकांसाठी पुरवणी : बऱ्याच दिवसांत व्यायाम नसेल, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह यांपैकी काही असेल, तर जोर वाढवण्याआधी तपासणी करून घ्या. छातीत दडपण, भोवळ, अवाजवी धाप यातलं काही झालं तर तिथेच थांबा. ‘मध्यम’ ओळखायची सोपी खूण : चालताना बोलता येतं, पण गाता येत नाही. ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात त्यात बराच फरक निघतो. नाडी आवरणारी गोळी चालू असेल तर ते सूत्र बाजूलाच ठेवा.

पायवाट

मला अजून एक विचारायचंय. अनुस्वार, तुम्ही ११ मिनिटांपेक्षा कमी व्यायामाचा उपयोग नाही म्हणालात. पण कामाच्या मध्ये दहा मिनिटं पाय मोकळे करून आले तरी मला नव्या कल्पना सुचतात.

अनुस्वार

पायवाट, ११ मिनिटं ही सरासरीतून आलेली रेघ आहे, ती ओलांडणारे प्रयोग आहेत. जपानमध्ये यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १० मिनिटांच्या मध्यम सायकलिंगनंतर स्ट्रूप चाचणी घेतली. त्यात ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. व्यायामानंतर उत्तरं लवकर आली आणि कपाळामागच्या डाव्या भागाची सक्रियता वाढलेली दिसली. तिथेच सुवाबे यांनी २०१८ मध्ये आणखी हलका, अगदी संथ चालण्याइतका, १० मिनिटांचा व्यायाम तपासला. ३६ तरुण होते. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक ओळखण्याची स्मृती सुधारली, आणि हिप्पोकॅम्पसचा मेंदूच्या इतर भागांशी संवादही वाढलेला दिसला. वर सांगितलेल्या बासोंच्या अभ्यासात हिप्पोकॅम्पसच्या चाचण्यांत काही दिसलं नव्हतं, इथे दिसलं. जोर वेगळा, चाचणी वेगळी. म्हणूनच ‘व्यायामाने स्मरण सुधारतं का’ या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही.

आणि कल्पनांबद्दल : ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. एखाद्या रोजच्या वस्तूचे नवेनवे उपयोग सुचवा, असं काम दिलं. चालताना, आणि चालून आल्यावर बसल्यानंतरही, बहुतेकांना जास्त कल्पना सुचल्या. भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरीही, म्हणजे केवळ बाहेरच्या हवेचं श्रेय नाही. पण एकच बरोबर उत्तर शोधायचं असतं अशा कोड्यात चालण्याने फायदा झाला नाही, उलट किंचित तोटा दिसला. कल्पना हव्या असतील तेव्हा चाला. हिशोब जुळवायचा असेल तर आधी चालून या आणि मग बसा.

शंकेखोर

आणि कॉफी? माझ्यासारख्याला ती व्यायामापेक्षा सोपी.

अनुस्वार

२०१९ मध्ये हीच तुलना झाली. २० मिनिटं झपझप चालणं विरुद्ध कपभर कॉफीत असेल साधारण तेवढं कॅफीन. कार्यस्मृतीची सुधारणा दोन्हीकडे सारखीच निघाली. कॉफी सोपी आहे हे खरं, पण संध्याकाळी घेतलेल्या कॅफीनची किंमत रात्रीच्या झोपेत मोजावी लागते, आणि झोप गेली तर दुसऱ्या दिवशीचं अवधान ना कॉफीने परत येतं ना व्यायामाने.

परीक्षार्थी

शेवटचं विचारतो. परीक्षा सकाळी आहे. त्या दिवशी काय करू?

अनुस्वार

वीस मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने चाला. पेपरच्या साधारण अर्धा तास आधी ते संपलेलं असू द्या, म्हणजे नाडी उतरेल, पाणी पिता येईल, कपडे बदलता येतील. जोरदार धावा नकोत. आणि हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. त्याआधी सरावाचे पेपर देताना काही वेळा करून पाहा, आणि काही वेळा न करता द्या. फरक जाणवला नाही किंवा दमल्यासारखं वाटलं, तर सोडून द्या आणि ती वीस मिनिटं झोपेला द्या. तुमच्या अभ्यासापुढे हा परिणाम फारच छोटा आहे.

परीक्षार्थी

समजलं. पुढच्या सराव पेपरपासून सुरू करतो, आणि काय होतं ते इथेच लिहितो.

फळा_खडू

मीही मुलांचा खेळाचा तास मधल्या वेळात हलवायचा अर्ज देतोय. अंकगणिताचं वाक्य त्यात घातलं आहे.